इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवर ॲन्सिबल ऑटोमेशन प्लॅटफॉर्म बसवताना: तयारी, क्रम आणि नेमकं कुठे अडतं

चाकण, रांजणगाव, तळेगाव, भोसरी इथल्या प्लांटमधले सर्व्हर बहुधा बाहेरच्या जगापासून तोडलेले असतात आणि ते योग्यच आहे. अडचण येते ती सॉफ्टवेअर बसवताना. डाउनलोड हिंजवडी नाहीतर बाणेरच्या ऑफिसात होतं, सर्व्हर असतो चाकणला. एक फाइल विसरली की पुन्हा मोशीचा ट्रॅफिक, पुन्हा गेट पास आणि पुढच्या शटडाउनची वाट. अशा इन्स्टॉलमधल्या बहुतेक चुका सर्व्हरसमोर बसल्यावर होत नाहीत, त्या आधीच ऑफिसात झालेल्या असतात. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे.

खालची पद्धत रेड हॅटच्या ॲन्सिबल ऑटोमेशन प्लॅटफॉर्म २.५ साठी आहे (अनेक मशीनवरची कामं आपोआप करून घेणारं सॉफ्टवेअर): कंटेनर प्रकारचा इन्स्टॉलर (प्रत्येक भाग आपापल्या बंद डब्यात चालतो), ऑफलाइन बंडल आणि आरएचईएल ९ (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) चा एकच सर्व्हर. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांतच करायची.

## टप्पा १: मशीन पुरेसं आहे का, ते आधी ठरवा

एकाच सर्व्हरवर सगळं बसवायचं तर किमान ४ सीपीयू, १६ जीबी रॅम, ६० जीबी डिस्क आणि ३,००० आयओपीएस (डिस्कची दर सेकंदाची वाचनं-लेखनं) हवेत. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे आयओपीएस मिळत नाहीत. डेटाबेस रखडतो आणि इन्स्टॉल मधेच ‘टाइमआउट’ देऊन थांबतं. एसएसडी मागून घ्या.

रॅमच्या बाबतीत एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. बंडलमध्ये तयार कलेक्शन्सही (ॲन्सिबलच्या मॉड्यूलचे गठ्ठे) असतात आणि इन्स्टॉलर ती सगळी ऑटोमेशन हबमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या साठ्यात, भरू शकतो. ती भरायची असतील तर १६ ऐवजी ३२ जीबी रॅम ठेवा. या एकाच कामाला ४५ मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. हातात एका दिवसाचंच शटडाउन असेल तर आमचा स्पष्ट सल्ला: हे भरणं बंद ठेवा आणि लागतील ती चार-पाच कलेक्शन्स नंतर हाताने चढवा.

जुना सर्व्हर किंवा जुन्या क्लस्टरवरचं व्हर्च्युअल मशीन असेल तर सीपीयूही तपासा. आरएचईएल ९ ला ‘एक्स८६-६४-व्ही२’ पातळीचा प्रोसेसर लागतो. प्रोसेसर नवा असूनही हायपरव्हायझरने व्हीएमला जुन्या सीपीयूचा मुखवटा दिलेला असला तर बूट होतानाच ‘ग्लिबसी’ची फेटल एरर येते. हे चाकणला पोहोचल्यावर कळून उपयोग नाही. व्हीएमवेअर किंवा केव्हीएम सांभाळणाऱ्याला फोन करून सीपीयू मोड आधीच विचारून घ्या.

डिस्कच्या एकूण आकड्यावर समाधान मानू नका. ती वाटलेली कशी आहे, ते महत्त्वाचं:

- इन्स्टॉल करणाऱ्या युजरच्या होम फोल्डरमध्येच कंटेनरच्या सगळ्या इमेज (कंटेनर ज्यातून उठतो ते तयार साचे) साठतात. त्यामुळे ‘/होम’ वेगळं पार्टिशन असेल तर बहुतेक जागा तिथेच हवी.
- ‘/टीएमपी’ मध्ये १० जीबी मोकळे हवेत.
- ‘/व्हार/टीएमपी’ मध्ये ३ जीबी मोकळे हवेत.

आयटीच्या ठरलेल्या साच्यातून आलेल्या व्हीएममध्ये ‘/होम’ ला ५ जीबी आणि ‘/’ ला ७० जीबी असं वाटप सर्रास दिसतं. एकूण ७५ जीबी असूनही इन्स्टॉल इमेज उघडताना कोसळतं.

तपासणी: सर्व्हर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून तीन कमांडचं आउटपुट मागवा: ‘डीएफ -एच’, ‘फ्री -एच’ आणि ‘एलएससीपीयू’. तोंडी उत्तरावर निघू नका.

## टप्पा २: नेमक्या फाइली उतरवा

रेड हॅटच्या ग्राहक पोर्टलवर एकाच उत्पादनाच्या चार-पाच सारख्या दिसणाऱ्या फाइली असतात. हव्या असतात त्या या:

1. कंटेनराइज्ड सेटअप बंडल. नावात ‘कंटेनराइज्ड’ आणि ‘बंडल’ हे दोन्ही शब्द असलेच पाहिजेत. ‘बंडल’ नसलेली छोटी फाइल ऑनलाइन इन्स्टॉलची असते आणि ती चालू झाल्यावर थेट रेड हॅटच्या रजिस्ट्रीकडे (इमेजच्या ऑनलाइन साठ्याकडे) धावते. सर्वांत जास्त घडणारी चूक हीच. फाइल आकाराने लहान वाटली की थांबा. शिवाय नावाच्या शेवटी ‘एक्स८६_६४’ आहे की ‘एआर्च६४’, तेही वाचा.
2. आरएचईएल ९ ची डीव्हीडी आयएसओ. बूट आयएसओ नको, तिच्यात पॅकेजेस नसतात. सर्व्हरवर ९.४ असेल तर आयएसओही ९.४ चीच घ्या. वेगळ्या मायनर आवृत्तीची आयएसओ लावली की पॅकेजेसचं एकमेकांशी जुळत नाही आणि डीएनएफ (पॅकेज बसवणारी कमांड) अडून बसतं.
3. सबस्क्रिप्शन मॅनिफेस्ट (परवान्याची फाइल). पोर्टलवर मॅनिफेस्ट तयार करा, त्यात सबस्क्रिप्शन जोडा आणि झिप फाइल एक्स्पोर्ट करा. ती झिप उघडू नका, उघडून पुन्हा झिप तर अजिबात करू नका. मॅकवरचा सफारी झिप आपोआप उघडतो, तो पर्याय आधी बंद करा.
4. लागणारी कलेक्शन्स आणि स्वतः बनवलेल्या एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंटच्या (ज्या कंटेनरात जॉब चालतो त्याच्या) इमेज. यांच्याबद्दल टप्पा ९ मध्ये सविस्तर येईल. उतरवायच्या मात्र आत्ताच.

बंडल वापरलं म्हणजे आयएसओची गरज नाही, असा समज पक्का बसलेला आहे. तो चुकीचा आहे. बंडलमध्ये प्लॅटफॉर्मच्या इमेज आणि इन्स्टॉलर असतो. पॉडमॅन (कंटेनर चालवणारं साधन), ॲन्सिबल-कोर आणि त्यांना लागणारी बाकी पॅकेजेस आरएचईएलच्या बेसओएस आणि ॲपस्ट्रीम या दोन रेपोंमधूनच (पॅकेजच्या साठ्यांमधूनच) येतात, आणि इंटरनेट नसताना हे दोन्ही रेपो मिळायची जागा म्हणजे ती डीव्हीडी आयएसओ. कंपनीत आधीच सॅटेलाइट सर्व्हर (रेड हॅटची पॅकेजेस आतल्या आत पुरवणारा) असेल तर गोष्ट वेगळी.

प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का, ते पडताळायचा आकडा) पोर्टलवर दिलेला असतो. तो कॉपी करून एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा आणि उतरवलेल्या फाइलशी जुळवा.

## टप्पा ३: पेनड्राइव्ह

६४ जीबीचा, यूएसबी ३ चा, नवा पेनड्राइव्ह घ्या. बाजारातून आलेला पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. डीव्हीडी आयएसओ याहून कितीतरी मोठी असते. एनटीएफएस केलात तर आरएचईएल तो मुळात वाचत नाही. एक्सएफएट आरएचईएल ८ च्या कर्नलला कळत नाही. म्हणून ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर पेनड्राइव्ह ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा आणि वाद संपवा. मात्र प्लांटच्या स्कॅनिंग किऑस्कवर विंडोज असेल तर तो ईएक्सटी४ वाचणार नाही. तिथे एक्सएफएट घ्या आणि आपला सर्व्हर आरएचईएल ९ चाच आहे ना, ते पुन्हा एकदा पाहा.

कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह नीट ‘अनमाउंट’ करा, काढा, परत लावा आणि मगच त्याच्यावरच्या फाइलींचा चेकसम काढा. लगेच काढलेला चेकसम पुष्कळदा मशीनच्या मेमरीतल्या प्रतीचा असतो, पेनड्राइव्हवरच्या प्रतीचा नाही. स्वस्त पेनड्राइव्हवर अर्धवट लिहिलेली फाइल अशीच नजरेतून सुटते.

सावधान: बंडल विंडोजवर उघडून फोल्डर स्वरूपात कॉपी करू नका. परवानग्या आणि लिंक हरवतात. ‘टार.जीझेड’ फाइल आहे तशीच न्या. इन्व्हेंटरी फाइलही (कोणत्या सर्व्हरवर काय बसवायचं, ती यादी; टप्पा ७) नोटपॅड किंवा वर्डमध्ये तयार करू नका. ओळीच्या शेवटचं अदृश्य चिन्ह आणि वाकडे अवतरणचिन्ह, ही दोन्ही तिथूनच येतात.

गेटवरच्या गोष्टी याच वेळी उरकून घ्या. पेनड्राइव्हचा सिरियल नंबर रिटर्नेबल गेट पासवर लागतो. कित्येक प्लांटमध्ये यूएसबी माध्यम आधी स्कॅन केल्याशिवाय आत जात नाही आणि मोठी आयएसओ स्कॅन व्हायला तास-दीड तास सहज जातो. तो वेळ शटडाउनच्या वेळेतून कापला जाऊ नये म्हणून पेनड्राइव्ह आदल्या दिवशीच आत पोहोचवा.

तारीख ठरवताना गुरुवारचा नीट विचार करा. आपल्याकडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी बहुधा गुरुवारी, त्यामुळे शटडाउनही त्याच दिवशी मिळतं. महावितरणची देखभालीची कामंही नेमकी गुरुवारीच निघतात. सर्व्हर रूमचा यूपीएस किती वेळ तग धरतो आणि डीजी सेट चालू आहे का, हे विचारून मगच गुरुवार पक्का करा. डेटाबेस तयार होत असताना वीज गेली तर बहुधा सगळं पुसून नव्याने सुरू करावं लागतं.

## टप्पा ४: रंगीत तालीम

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळा गाळला जातो आणि सगळ्यांत जास्त वाचवतो तोही हाच.

ऑफिसात एक व्हीएम तयार करा: तीच आरएचईएल आवृत्ती, तसंच पार्टिशन, तेवढीच रॅम. त्याला फक्त ‘होस्ट-ओन्ली’ नेटवर्क द्या, म्हणजे आयपी मिळेल पण बाहेर जाता येणार नाही. आता तो पेनड्राइव्ह लावा आणि फक्त त्यातल्या फाइली वापरून टप्पा ५ ते ९ पूर्ण करा. मधेच एखादी गोष्ट नेटवरून आणायची वेळ आली तर तीच तुमची विसरलेली फाइल. ती पेनड्राइव्हवर टाका, व्हीएम पुसा, पुन्हा सुरुवात करा. एकही बाहेरची वस्तू न लागता इन्स्टॉल पार पडलं की मगच निघा.

प्लांटचा सर्व्हर सिक्युरिटी टीमने ‘हार्डन’ केलेला (कडक सुरक्षा नियम लावलेला) असेल तर तालमीच्या व्हीएमवरही तीच प्रोफाइल लावा. कोऱ्या आरएचईएलवर केलेली तालीम हार्डन केलेल्या सर्व्हरबद्दल काहीच सांगत नाही.

## टप्पा ५: सर्व्हर तयार करणं

क्रम पाळा. नाव, वेळ, डीएनएस, युजर, मग बाकीचं.

नाव. सर्व्हरला पूर्ण डोमेनसह नाव हवं आणि ‘होस्टनेम -एफ’ ने तेच नाव परत दिलं पाहिजे. आतलं डीएनएस नसेल तर ‘/ईटीसी/होस्ट्स’ मध्ये खऱ्या आयपीपुढे पूर्ण नाव आधी आणि छोटं नाव नंतर लिहा. १२७.०.०.१ च्या ओळीत हे नाव घालू नका. इन्स्टॉलर याच नावावर सर्टिफिकेट बनवतो, तेव्हा हे नाव शेवटचं असू द्या. ‘आत्ता टेस्ट नाव देऊ, नंतर बदलू’ असं केलं की हब, गेटवे (लॉगिनचं प्रवेशद्वार) आणि कंट्रोलर (जॉब चालवणारा भाग) यांचा एकमेकांवरचा भरवसा तुटतो.

वेळ. टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवा आणि क्रोनीला प्लांटमधल्या एनटीपी सर्व्हरचा पत्ता द्या. कधीकधी व्हीएम होस्टच्या घड्याळात भारतीय वेळ भरलेली असते आणि सर्व्हर तिला यूटीसी समजतो. मग घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे जातं. त्या चुकीच्या वेळेत सर्टिफिकेट तयार झाली आणि नंतर कुणी घड्याळ सुधारलं की ‘सर्टिफिकेट अजून वैध नाही’ अशी एरर येऊ लागते. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवा आणि मनगटावरच्या घड्याळाशी जुळवा.

डीएनएस. ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ मध्ये ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता राहिला असेल तर काढा. तो राहिला की प्रत्येक नावशोध उत्तराची वाट पाहत बसतो, सुडो आणि एसएसएच रेंगाळतात आणि इन्स्टॉल उगाच संथ होतं.

युजर. हा इन्स्टॉलर रूटने चालवायचा नाही. वेगळा स्थानिक युजर करा आणि त्याला सुडो द्या. कंटेनर याच युजरच्या नावाने, रूटशिवाय चालतात. इथे तीन खड्डे आहेत:

- ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून आलेला युजर वापरला तर ‘/ईटीसी/सबयूआयडी’ आणि ‘/ईटीसी/सबजीआयडी’ मध्ये त्याची नोंद आपोआप होत नाही आणि पॉडमॅन चालत नाही. स्थानिक युजर ‘युजरॲड’ ने केला की ६५५३६ आयडींची नोंद आपोआप पडते. दोन्ही फाइली उघडून खात्री करा.
- होम फोल्डर एनएफएसवर असेल तर तिथे कंटेनर साठवण नीट चालत नाही. स्थानिक डिस्कच हवी.
- रूटने लॉगिन करून ‘एसयू’ ने या युजरमध्ये उतरू नका. त्या मार्गाने युजरचं सिस्टमडी सेशन तयार होत नाही आणि एरर भलतीकडेच बोट दाखवते. एसएसएचने थेट त्याच नावाने आत या.

हार्डनिंग. ‘/टीएमपी’, ‘/व्हार/टीएमपी’ किंवा ‘/होम’ वर ‘नोएक्झेक’ (तिथून प्रोग्राम चालवायला बंदी) लागलेलं असेल तर इन्स्टॉल अडतं. ‘माउंट’ चं आउटपुट पाहा. ‘युजर.मॅक्स_युजर_नेमस्पेसेस’ ही कर्नल सेटिंग काही प्रोफाइल शून्य करतात. ती शून्य असेल तर रूटशिवायचा एकही कंटेनर उठणार नाही. उमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) ००२७ असेल तर इन्स्टॉलपुरता ००२२ करा. फापॉलिसीडी (अनोळखी प्रोग्राम रोखणारी सेवा) चालू असेल तर सिक्युरिटी टीमकडून तेवढ्या वेळापुरतं बंद ठेवण्याची लेखी परवानगी घ्या. एसईलिनक्स मात्र बंद करू नका. तो ‘एन्फोर्सिंग’ असतानाच हे सगळं चालतं. इंटरनेटवर ‘आधी एसईलिनक्स बंद करा’ असं सांगणारे सल्ले ढिगाने सापडतात, ते इथे गैरलागू आहेत.

पोर्ट. ८०, ४४३, ५४३२, ६३७९, २७१९९ आणि ८४४३ ते ८४४६ मोकळे आहेत का, ते ‘एसएस -टीएलएनपी’ ने पाहा. जुना वेब सर्व्हर किंवा एखाद्या मॉनिटरिंग एजंटने ८४४३ धरून ठेवलेला असतो. फायरवॉलमध्ये वापरणाऱ्यांसाठी ४४३ उघडा.

प्रॉक्सी. ‘एन्व्ह’ चालवून प्रॉक्सीची एखादी जुनी सेटिंग राहिली आहे का, ते बघा. राहिली असेल तर स्थानिक कनेक्शनसुद्धा त्या मेलेल्या प्रॉक्सीकडे वळतात.

## टप्पा ६: आयएसओमधून रेपो

आयएसओ पेनड्राइव्हवरून सर्व्हरच्या डिस्कवर कॉपी करा आणि इथेही चेकसम पुन्हा जुळवा. मग ती ‘/एमएनटी’ खालच्या एका फोल्डरवर ‘लूप’ आणि ‘आरओ’ पर्यायांनी माउंट करा. ‘/ईटीसी/एफएसटॅब’ मध्ये ओळ घालताना ‘नोफेल’ जरूर लिहा. ते नसेल आणि सहा महिन्यांनी कुणी जागा मोकळी करताना आयएसओ पुसली, तर पुढच्या रीबूटला सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो.

‘/ईटीसी/यम.रेपोज.डी’ मध्ये नवी रेपो फाइल करा. आत दोन विभाग लागतात, एक बेसओएसचा आणि एक ॲपस्ट्रीमचा. दोघांचे फोल्डर आयएसओवर वेगळे असतात, एकच पत्ता दोघांना चालत नाही. पत्ता ‘फाइल’ ने सुरू होतो, पुढे अपूर्णविराम (कोलन) आणि तीन तिरप्या रेघा. दोनच रेघा दिल्या की डीएनएफला फोल्डर सापडत नाही. जीपीजी तपासणी चालूच ठेवा. लागणारी किल्ली सर्व्हरवर ‘/ईटीसी/पीकेआय/आरपीएम-जीपीजी’ मध्ये आधीपासून असते.

इतर सगळे ऑनलाइन रेपो बंद करा, नाहीतर डीएनएफ प्रत्येक वेळी त्यांच्यापर्यंत पोहोचायचा प्रयत्न करून थांबेल. सिस्टम नोंदणीकृत नसल्याचा संदेश दिसतो, त्याने काही बिघडत नाही.

तपासणी: ‘डीएनएफ क्लीन ऑल’ करा, मग ‘डीएनएफ रेपोलिस्ट’. फक्त तुमचे दोनच रेपो दिसले पाहिजेत. त्यानंतर ‘डीएनएफ इन्स्टॉल’ ने ॲन्सिबल-कोर आणि टीमक्स बसवा. दोन्ही विनातक्रार बसले म्हणजे हा टप्पा झाला.

## टप्पा ७: बंडल आणि इन्व्हेंटरी

एसएसएचने थेट त्या स्थानिक युजरने लॉगिन करा. बंडल त्याच्या होम फोल्डरमध्ये ‘टार’ ने उघडा. आत ‘बंडल’ नावाचा फोल्डर आणि दोन नमुना इन्व्हेंटरी दिसतील. एकाच सर्व्हरसाठी ‘इन्व्हेंटरी-ग्रोथ’ घ्या. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा.

भरायचं ते असं:

- गेटवे, कंट्रोलर, हब, ईडीए (घटना घडली की काम सुरू करणारा भाग) आणि डेटाबेस या पाचही गटांत तेच पूर्ण नाव लिहा, टप्पा ५ मध्ये ठरवलेलं. ‘लोकलहोस्ट’ लिहू नका.
- ‘ॲन्सिबल_कनेक्शन’ लोकल.
- ‘बंडल_इन्स्टॉल’ ट्रू.
- ‘बंडल_डिर’ मध्ये बंडल फोल्डरचा संपूर्ण पत्ता. नमुन्यात चालू फोल्डरवरून पत्ता काढायची सोय असते, पण मग प्लेबुक (ॲन्सिबलची कामांची यादी) दुसऱ्या फोल्डरमधून चालवलं की इमेज सापडत नाहीत. पूर्ण पत्ता लिहिला की हा प्रश्नच उरत नाही.
- ‘रेडिस_मोड’ स्टँडअलोन.
- कलेक्शन्स भरायची नसतील तर ‘हब_सीड_कलेक्शन्स’ फॉल्स.
- ॲडमिन आणि डेटाबेसचे पासवर्ड.

पासवर्डमध्ये अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर एवढंच ठेवा, लांबी मात्र १६ च्या वर न्या. महिरपी कंस, अवतरणचिन्ह, हॅश, डॉलर, टक्का, ‘ॲट’ आणि तिरपी रेघ टाळा. ही चिन्हं कुठे ॲन्सिबलला, कुठे डेटाबेसच्या पत्त्याला वेगळ्याच अर्थाची वाटतात. मग इन्स्टॉल पाऊण तास चालून शेवटी ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणतं.

या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे असतात. परवानगी ६०० करा आणि ही फाइल व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका.

## टप्पा ८: इन्स्टॉल

टीमक्स सुरू करा. कनेक्शन तुटलं किंवा लॅपटॉप झोपला तरी आतलं काम चालू राहतं. आता इन्स्टॉलरच्या फोल्डरमध्ये राहून ‘ॲन्सिबल-प्लेबुक’ ला तुमची इन्व्हेंटरी आणि ‘ॲन्सिबल.कंटेनराइज्ड_इन्स्टॉलर.इन्स्टॉल’ हे प्लेबुक द्या. सुडोला पासवर्ड लागत असेल तर मोठं ‘के’ हा पर्याय जोडा. तो विसरलात तर पहिल्याच मिनिटात ‘मिसिंग सुडो पासवर्ड’ येईल.

इमेज उघडताना स्क्रीन बराच वेळ हलत नाही. कंट्रोल-सी दाबू नका. दुसऱ्या टीमक्स खिडकीतून ‘डीएफ -एच’ बघत राहा. जागा हळूहळू भरत असेल तर काम चालू आहे.

कुठे थांबलं, त्यावरून कारण शोधा:

- रजिस्ट्रीचा पत्ता दिसतो आणि कनेक्शन फसतं: बंडलची सेटिंग चुकली आहे किंवा फाइलच ऑनलाइन इन्स्टॉलरची आहे.
- ‘नो स्पेस लेफ्ट’: नेमकं कोणतं पार्टिशन भरलं ते पाहा. ‘/टीएमपी’ रॅममधली असेल तर रॅमबरोबर तीही अपुरी पडते.
- पॅकेज सापडत नाही: आयएसओ माउंट नाही किंवा ॲपस्ट्रीमचा विभाग चुकला आहे.
- कंटेनर उठतो आणि पडतो: ‘पॉडमॅन लॉग्ज’ मध्ये त्या कंटेनरचं नाव देऊन शेवटच्या ओळी वाचा. कारण बहुतेक वेळा तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

कारण दुरुस्त केल्यावर तेच प्लेबुक पुन्हा चालवता येतं. झालेली कामं ते ओलांडून पुढे जातं. पण सर्व्हरचं नाव किंवा डेटाबेसचा पासवर्ड बदलला असेल तर तसं करू नका. आधी ‘अनइन्स्टॉल’ प्लेबुक चालवा आणि मग नव्याने बसवा. अर्धवट जुन्या डेटाबेसवर नवा पासवर्ड लागत नाही आणि तासभर त्यातच जातो.

तपासणी: शेवटच्या सारांशात ‘फेल्ड’ शून्य. त्याच युजरने ‘पॉडमॅन पीएस’ चालवलं की सगळे कंटेनर ‘अप’. सुडो लावून चालवलंत तर यादी रिकामी दिसेल, कारण कंटेनर रूटचे नाहीतच.

## टप्पा ९: मॅनिफेस्ट, कलेक्शन्स आणि पहिला जॉब

ब्राउझरमध्ये पूर्ण नाव टाकून उघडा. प्लांटमधल्या लॅपटॉपला ते नाव कळत नसेल तर डीएनएसमध्ये नोंद करून घ्या. आयपी टाकून तात्पुरतं भागवू नका. ॲडमिनने लॉगिन केल्यावर सबस्क्रिप्शन विचारलं जाईल, तिथे युजरनेम-पासवर्डचा पर्याय सोडून मॅनिफेस्टची झिप द्या. ॲनालिटिक्स पाठवायचा पर्याय बंद करा. बाहेर जायला वाट नसताना तो लॉगमध्ये चुका साठवत राहतो.

सोबत आलेला डेमो प्रोजेक्ट तपासणीसाठी वापरू नका. तो गिटहबवरून कोड आणतो, इथे तो फसणारच, आणि इन्स्टॉल बिघडलं असा गैरसमज होतो. त्याऐवजी डेमो इन्व्हेंटरीतल्या लोकलहोस्टवर थेट ‘पिंग’ मॉड्यूल चालवा. ‘पाँग’ आलं म्हणजे कंट्रोलरला एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंटची इमेज मिळाली आणि कंटेनर चालला.

‘एक्स५०९’ आणि ‘अननोन ऑथॉरिटी’ अशी एरर आली तर सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या सीएचं (सर्टिफिकेट ऑथॉरिटीचं) सर्टिफिकेट सर्व्हरच्या विश्वासयादीत नाही. ते ‘/ईटीसी/पीकेआय/सीए-ट्रस्ट/सोर्स/अँकर्स’ मध्ये ठेवा आणि ‘अपडेट-सीए-ट्रस्ट’ चालवा.

कलेक्शन्स ऑफिसातूनच आणलेली असायला हवीत. तिथे रिक्वायरमेंट्स फाइल देऊन ‘ॲन्सिबल-गॅलेक्सी कलेक्शन डाउनलोड’ वापरा. ही कमांड अवलंबून असलेली कलेक्शन्सही सोबत आणते. एकेक फाइल वेबसाइटवरून हाताने उतरवणारे इथेच अडकतात: सिस्को आयओएसचं कलेक्शन नेटकॉमनवर अवलंबून असतं आणि नेटकॉमन युटिल्सवर. तीनपैकी दोनच आणली तर उपयोग नाही. हबमध्ये चढवण्याआधी त्या नावाची नेमस्पेस तयार करा आणि चढवल्यावर मंजुरीच्या यादीत जाऊन मंजूर करा. मंजुरी दिल्याशिवाय जॉबना कलेक्शन दिसत नाही.

पायथनच्या लायब्ररी या डाउनलोडमध्ये येत नाहीत. उदाहरणार्थ, व्हीएमवेअरच्या कम्युनिटी कलेक्शनला पायव्हीमोमी लागते. असं काही लागणार असेल तर ऑफिसात ॲन्सिबल-बिल्डरने इमेज बनवा, ‘पॉडमॅन सेव्ह’ ने फाइल करा, प्लांटमध्ये ‘पॉडमॅन लोड’, मग हबच्या पूर्ण नावाचा टॅग आणि ‘पॉडमॅन पुश’. टॅगमध्ये नाव सर्टिफिकेटवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे.

शेवटचा अडथळा सेटिंगमध्ये दडलेला असतो. ऑर्गनायझेशनच्या गॅलेक्सी क्रेडेन्शियलमध्ये सार्वजनिक गॅलेक्सीचा (कलेक्शन्सच्या इंटरनेटवरच्या साठ्याचा) पत्ता असेल तर तो काढून तुमच्या हबचा द्या. तो राहिला तर रिक्वायरमेंट्स फाइल असलेला प्रत्येक प्रोजेक्ट सिंक होताना बाहेर जायला बघतो आणि टाइमआउटपर्यंत लटकतो.

## टप्पा १०: निघण्यापूर्वी

सर्व्हर एकदा रीबूट करा. हे न करता निघणं म्हणजे पुढच्या वीजकपातीच्या रात्री फोन येणार. रीबूटनंतर कुणीही लॉगिन न करता वेब पान उघडलं पाहिजे. लॉगिन केल्यावरच कंटेनर उठत असतील तर त्या युजरचं ‘लिंगर’ (लॉगिनशिवायही त्याच्या सेवा चालू ठेवणारी सेटिंग) बंद आहे. ‘लॉगिनसीटीएल’ ने ते चालू करा आणि पुन्हा रीबूट करून पाहा.

मग ‘बॅकअप’ प्लेबुक चालवा आणि तयार झालेली फाइल, भरलेली इन्व्हेंटरी आणि मूळ बंडल या तिन्ही गोष्टी सर्व्हरच्या बाहेर, प्लांटच्याच बॅकअप साठवणीत ठेवा. रिस्टोअर करताना त्याच आवृत्तीचा इन्स्टॉलर लागतो आणि तोवर पोर्टलवर नवी आवृत्ती आलेली असते. फापॉलिसीडी किंवा उमास्क बदलला असेल तर पूर्ववत करा, सिक्युरिटी टीमला कळवा आणि त्यानंतर ‘पिंग’ चा जॉब आणखी एकदा चालवून बघा. पेनड्राइव्ह गेटवर नोंदवून परत घ्या.